न दिसणारा धूर

आमच्या घाटकोपरच्या गच्चीवरून, हवा निवळ असली म्हणजे, दक्षिणेस तुर्भ्याच्या वीजकेंद्राचें उंच धुराडें दिसतें. त्यांतून निघणारा धूर इतका विरळ असतो कीं, नवख्या पाहुण्यास तें बंद पडलें आहे असेंच वाटावें. मुंबईकरांची धुराविषयींची तक्रार मात्र फार जुनी आहे. गिरण्यांच्या धुराड्यांनीं शहर काळवंडूं लागलें तेव्हां सरकारनें १९१२ सालीं धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. १९१५ सालीं खोपोलीहून पाण्याची वीज आली आणि गिरण्यांतील कोळशाच्या भट्ट्या हळूहळू विझूं लागल्या. पण त्या कायद्याचा रोख डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या धुरावर होता. कोळशांतील व तेलांतील गंधक जळून जो सल्फर डायॉक्साइड वायु होतो, त्याला रंग नाहीं. तो दिसत नाहीं, घशाला मात्र कळतो. निरनिराळ्या राष्ट्रांनीं या एका वायूची वाट कशी लावली, हें ताडून पाहण्याजोगें आहे.

प्रथम इंग्लंड घेऊं. लंडनच्या बॅटरसी केंद्रांत धुराड्यांतला वायु थेम्स नदीच्या पाण्यानें धुण्याची व्यवस्था १९३०नंतरच्या दशकांतच झाली होती. म्हणजे उपाय ठाऊक होता. तरीहि डिसेंबर १९५२च्या धुक्यांत, पहिल्या गणतीप्रमाणें, सुमारें ४,००० माणसें दगावलीं, तेव्हां कोठें १९५६चा शुद्ध हवेचा कायदा झाला, आणि तोहि मुख्यतः काळ्या धुराचाच! वायूसाठीं धुराडीं उंच केलीं गेलीं. मग तो वाऱ्यावर स्वार होऊन नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांवर आम्ल पाऊस होऊन पडूं लागला. १९७०च्या सुमारास ब्रिटन हा वायु वर्षास ६० लाख टनांहून अधिक सोडीत असे. तो तीस टक्क्यांनीं घटविण्याचा करार १९८५ सालीं हेल्सिंकी येथें अनेक राष्ट्रांनीं केला. ब्रिटननें सही केली नाहीं. पुढें युरोपचे निर्बंध आले, उत्तर समुद्रांतला नैसर्गिक वायु हाताशीं आला, आणि आज तो आंकडा दीड लाख टनांच्या आंत आहे. ३० सप्टेंबर १९२४ नव्हे, २०२४ रोजीं तेथील शेवटचें कोळशाचें वीजकेंद्र बंद झालें. शंभर वर्षांपूर्वीं हें कोणास खरें वाटलें नसतें.

जपानांत योक्काइचीच्या तेलशुद्धीच्या कारखान्यांजवळील दमेकऱ्यांनीं कंपन्यांना कोर्टांत खेंचलें, व जुलै १९७२ मध्यें निकाल त्यांच्या बाजूनें लागला. त्या दशकांत तेथें वायु धुण्याचीं यंत्रें झपाट्यानें बसलीं. चीनचा आलेख २००६-०७पर्यंत चढला. पुढें सरकारी हुकुमानें यंत्रें बसलीं आणि दहा वर्षांत तो सुमारें तीनचतुर्थांशांनीं उतरला. आमचा चढतच राहिला, आणि २०१६च्या सुमारास आम्ही चीनला मागें टाकलें. ही शर्यत जिंकल्याचा आनंद कोणीं मानूं नये.

यावर कोणी म्हणेल कीं, १९७०चा ब्रिटिश मनुष्य माणशीं शंभर किलोंहून अधिक वायूचा धनी होता. आमच्या वांट्यास अजून दहा किलोहि येत नाहींत. हिशेब खरा आहे, आणि जागतिक परिषदांतून तो जरूर मांडावा. चेंबूरच्या रहिवाशाला मात्र तो ऐकवूं नये. १९५४-५५ सालीं दोन तेलशुद्धि कारखाने, लंडनचा कायदा झाला त्याच १९५६ सालीं वीजकेंद्र, १९६५ सालीं खताचा कारखाना, असे एकामागून एक त्याच्या उशाशीं आले. लोक त्या उपनगराला ‘गॅस चेंबर’ म्हणूं लागले. त्याच्या छातींत जाणारा वायु एकशेंचाळीस कोटींनीं भागलेला नसतो.

पण याच तुर्भ्यानें दुसरीहि गोष्ट दाखविली. १९८०नंतरच्या दशकांत तेथील पाचव्या संचाचा वायु समुद्राच्या पाण्यानें धुण्यास आरंभ झाला. तें पाणी जातीनेंच किंचित् क्षारधर्मी असतें. त्यांत हा आम्ल वायु विरतो आणि त्याचें शेवटीं सल्फेट होतें, जें समुद्रांत मुळांतच विपुल आहे. बॅटरसीचीच युक्ति, तेथें नदी, येथें खाडी. डहाणूची कथा अधिक बोलकी आहे. अंधेरी-बोरिवलीला वीज पुरविणारें तेथील केंद्र चिकूच्या वाड्यांच्या मुलखांत उभें राहिलें. लोक न्यायालयांत भांडले; १९९६ सालीं न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण नेमलें गेलें, तें पाठीस लागलें, आणि यंत्र चालूं झालें २००७ सालीं. अकरा वर्षें!

देशभरासाठीं असा नियम डिसेंबर २०१५ मध्यें निघाला. मुदत दोन वर्षांची. ती वारंवार वाढली, आणि जुलै २०२५ मध्यें बहुतेक केंद्रांना या यंत्रांतून सूटच मिळाली. आमच्या कोळशांत गंधक कमी, हें कारण अगदींच खोटें नव्हे, आणि खर्चहि मोठा आहे. पण कोळसा आम्ही किती जाळतों, हेंहि पाहावयास नको काय? सक्ति राहिली ती दिल्लीच्या आसपासच्या व दहा लाखांवर वस्तीच्या शहरांजवळील केंद्रांना. फार दूषित हवेच्या गांवांजवळील केंद्रांचा निर्णय एकेकाचें पाहून व्हावयाचा. मुलुंड-भांडुपकडे येणाऱ्या विजेंत विदर्भांतील कोळशाचा वांटा मोठा आहे. चंद्रपूर दहा लाखांचें शहर नव्हे. तेथें समुद्रहि नाहीं. वायु चुनखडीनें धुवावा लागेल.