भुलेश्वर (दौलतमंगळ)

महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील यादवकालीन शिवमंदिर व त्याभोवतीचा दौलतमंगळ हा डोंगरी किल्ला. पुण्याच्या आग्नेयीस सु. ५० किमी. अंतरावर, पुरंदर तालुक्यातील माळशिरस गावाजवळ, दौंड तालुक्याच्या सीमेलगत हे स्थान आहे. पुणे–सोलापूर रस्त्यावरील यवतहून येथे जाता येते. सिंहगडापासून पूर्वेकडे गेलेल्या भुलेश्वर डोंगररांगेच्या दक्षिणेस कऱ्हा नदीचे, तर उत्तरेस मुळा-मुठेचे खोरे आहे. मुळा-मुठा पुढे शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळते. माथ्यावरून उत्तरेकडील सपाट प्रदेश दूरवर दृष्टीस पडतो.

मंदिर काळ्या पाषाणाचे, सु. तेराव्या शतकातील आहे. भिंतींवर रामायण-महाभारतातील प्रसंग कोरलेले असून स्त्रीरूपातील गणेशाची (वैनायकीची) मूर्ती अभ्यासकांचे लक्ष वेधून घेते. अनेक शिल्पे भग्नावस्थेत आहेत. पार्वतीने येथे शंकरास भुलविले, अशी स्थाननामाविषयी आख्यायिका आहे.

पुण्याच्या इतिहासात या डोंगरास अल्पकाळ, पण विलक्षण महत्त्व आले. सु. १६३० मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे जाळून उद्ध्वस्त केले. तेथे गाढवाचा नांगर फिरविल्याचे परंपरा सांगते. कसब्याऐवजी या प्रदेशाच्या कारभाराचे ठाणे म्हणून त्याने भुलेश्वराच्या डोंगरावर दौलतमंगळ बांधला. याच सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ (१६३०–३२) पडल्याने उजाड मुलखाची अवस्था अधिकच बिकट झाली.

ठाणे हलविले, तरी पुण्याची जागा हा किल्ला घेऊ शकला नाही. टेहळणी व संरक्षण यांस उंची उपयोगी पडते. परंतु शेती, बाजारपेठ व वाढती लोकवस्ती यांना नदीकाठ व मोकळी जमीन लागते. पुण्यास मुठेचा आधार होता; डोंगरमाथ्यावर तसा तो नव्हता. राजकीय परिस्थितीही लवकरच पालटली. १६३५ मध्ये मुरार जगदेव मारला गेला; १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली. शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत गेले व पुण्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली. दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली पुण्याची पुन्हा वसाहत झाली. दौलतमंगळाचे प्रयोजन त्यामुळे उरले नाही.

किल्ल्याचे बुरूज व तटबंदीचे काही अवशेष शिल्लक आहेत. मंदिर मात्र किल्ल्याच्या आधीपासून पूजास्थान होते व नंतरही राहिले. त्याच्या जीर्णोद्धाराशी ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर (१६४९–१७४५) यांचे नाव निगडित आहे. आज ते संरक्षित स्मारक असून महाशिवरात्रीस व श्रावणात येथे भाविकांची गर्दी होते.

याच कोरड्या पट्ट्यात पूर्वेकडे, बारामती तालुक्यातील सुपे येथे, चिंकारांसाठी प्रसिद्ध असलेले मयूरेश्वर अभयारण्य (५·१४ चौ. किमी.) १९९७ मध्ये घोषित झाले.