आकड्यांतला पत्ता

तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला घोड्यांची यात्रा भरते. लांबलांबचे व्यापारी येतात, राहुट्या ठोकतात. यात्रेपुरता प्रत्येकाला एक पत्ता मिळतो. यात्रा उठली की जागा तिथेच राहते, माणूस मात्र जातो. पुढच्या वर्षी त्याच जागी दुसऱ्याचा घोडा बांधलेला असतो. म्हणून ‘या जागी कोण होता?’ असे कुणी विचारले, तर ‘कोणत्या वर्षी?’ असे आधी विचारावे लागते. संगणकाच्या पत्त्याचेही तसेच आहे.

आकड्यांचा पत्ता आपल्याला नवा नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने सहा आकडी पिनकोड सुरू केला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले हे मराठी अधिकारी संस्कृतचे कवी होते. साऱ्या देशाला आकड्यांत बसवणारा माणूस कवी असावा, याचे मला फार कौतुक वाटते. एकाच नावाची गावे अनेक असतात, अक्षर लागत नाही. पण आकडा पत्राला वाट चुकू देत नाही.

संगणकांनाही अशीच सोय हवी होती. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्याने इंटरनेट प्रोटोकॉल, म्हणजेच आयपी, स्वीकारला. त्यातला पत्ता म्हणजे ० ते २५५ यांमधले चार आकडे, मध्ये टिंबे. असे सुमारे ४३० कोटी पत्ते होतात. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले पत्ते संपले. नवे, लांब पत्ते आले आहेत; तरी जुने अजून पुरवून वापरले जातात.

आपल्या यंत्राचा पत्ता पाहणे सोपे आहे. विंडोज ९५ मध्ये ‘विनआयपीसीएफजी’ चालवावे लागे. आजच्या विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’ टंकायचे. बर्कले युनिक्समधून १९८३ साली आलेली ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा मॅकवर अजून चालते. लिनक्सवर आता ‘आयपी ॲडर’ वापरतात. मात्र दिसणारा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तो घरातल्या घरातला. लाखो घरांत तोच असतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो सेवा कंपनीने दिलेला पत्ता. तो आज आपल्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. मोबाइलवर तर एकच पत्ता एकाच वेळी अनेकांत वाटलेला असतो.

श्रोतेहो, हा केवळ तंत्राचा तपशील नव्हे. ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारा मजकूर आला होता. त्या तपासात आयपी पत्त्यावरून पुणे पोलिसांनी ऑगस्ट २००७ मध्ये बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. सेवा कंपनीने दिलेली माहिती चुकीची निघाली. माणूस निर्दोष होता. पण तोवर त्याचे ५० दिवस तुरुंगात गेले होते.

आयपी पत्ता तपासाला दारापर्यंत नेतो. त्या दिवशी, त्या मिनिटाला आत कोण होते, हे त्या चार आकड्यांत लिहिलेले नसते. ते माणसांनाच शोधावे लागते, आणि कुणाच्या हातात बेड्या पडण्याआधी शोधावे लागते.