मूत्रपिंडाची दारे आणि सर्पगंधेची मुळी

पूस धरणाच्या कालव्याखाली ज्यांची शेती आहे, त्यांना दारे धरणे म्हणजे काय हे सांगावयास नको. पाटाला लोंढा आला की दार आवळावयाचे, पाणी ओसरले की मोकळे करावयाचे. वाफ्यात पाणी बेताचेच गेले पाहिजे. विद्यार्थी मित्रहो, आपल्या मूत्रपिंडांत हेच काम अहोरात्र चालते. हृदय दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असून प्रत्येक गाळणीच्या तोंडाशी एक बारीक रक्तवाहिनी असते. तेच हे दार.

रक्तवाहिनी ताणली गेली की तिच्या भिंतीतील स्नायू आपणहून आखडतो, मेंदूच्या हुकुमाची वाट पाहत नाही, असे इंग्लंडमधील बेलिस यांनी १९०२ साली दाखविले. मूत्रपिंडात आणखी एक पहारेकरी आहे. गाळलेल्या द्रवातून जास्त मीठ पुढे आले की नलिकेतील काही पेशी त्याच दाराला आवळण्याचा इशारा देतात. म्हणून दाब बराच खालीवर झाला तरी गाळण सारखीच राहते.

मात्र या दारालाही मर्यादा आहे. यवतमाळच्या मे महिन्यात घाम गाळून शरीर कोरडे पडते, तेव्हा मूत्रपिंड स्वतःच एक द्रव्य तयार करून दार उघडे ठेवते. अंगदुखीच्या पुष्कळशा गोळ्या नेमके तेच द्रव्य बंद पाडतात! आणि दाब वर्षानुवर्षे चढाच राहिला, तर वाहिनीची भिंत जाड होते, वाट अरुंद होते, गाळण्या मरतात. रोग्याला मात्र पत्ता नसतो.

या दाबावर १९४० च्या सुमारास बिनमिठाचे जेवण किंवा मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया, यापलीकडे फारसा इलाज नव्हता. औषध आपल्या देशातील मुळीत निघाले. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी सर्पगंधेतून एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला ‘अजमलीन’ नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाब उतरविते असे नोंदविले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रोग्यांवरील अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष वेधले. १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

गंमत अशी की, रक्तदाब उतरविणारे मुख्य द्रव्य अजमलीन नव्हतेच. ते, म्हणजे रेसर्पीन, १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये हाती लागले. पुढे काही रोग्यांत उदासीनता दिसल्याने तेही मागे पडले. दिल्लीचे अजमलीन मात्र हृदयाच्या ठोक्यांतील दोष ओळखण्यासाठी आजही वापरले जाते.