मणक्यातल्या ‘गॅप’चा बागुलबुवा

मोहोपाड्याच्या बाजारपेठेत कंबर धरून चालणाऱ्या कुणाचीही विचारपूस करा, उत्तर ठरलेले: ‘मणक्यात गॅप आलाय.’ सल्लाही ठरलेला: पट्टा बांध, वाकू नकोस, पडून राहा. पाताळगंगा पट्ट्यातल्या कारखान्यात गोणी उचलणारा कामगार असो की लावणीला दिवसभर वाकणारी बाई, दोघांनाही तोच निकाल.

या मताची बाजू आधी नीट मांडू. वेदना खरी असते. एमआरआयच्या फिल्मवर कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती काळी, चपटी दिसते. दुखते तिथेच दोष दिसला, तेव्हा तोच कारण, असे कुणालाही वाटेल.

पण मुळात शब्दच उलटा आहे. दोन मणक्यांमध्ये जागा जन्मतःच असते आणि तिथे चकती बसलेली असते. वयाबरोबर चकतीतले पाणी आटते, ती दबते आणि जागा कमी होते. गॅप ‘येत’ नाही, घटतो. तो घटला म्हणजे दुखणारच, असेही नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा सगळ्या चकत्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के निघाले. केस पिकतात तशा चकत्याही पिकतात.

पडून राहण्याचे काय? १९९५ मध्ये हेलसिंकीच्या पालिका कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवले, काहींना कंबरेचे व्यायाम दिले, काहींना झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. लवकर बरे झाले ते हे तिसरे.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. गुण येतो, कारण साधी उसण बहुधा काही दिवसांत आपणच उतरते. चकती सरकून नस दाबली आणि कळ पोटरीपर्यंत गेली, तरी बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. मात्र ठिसूळ हाडांच्या किंवा मणक्याचा क्षय झालेल्या पाठीवर पाय देणे घातक आहे.

म्हणून सगळेच दुखणे अंगावर काढा, असे मी म्हणत नाही. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, पाऊल लुळे पडले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना यांचीही तपासणी लगेच हवी. आंब्यावरून, कौलांवरून किंवा मोटारसायकलवरून कोणी पडला आणि मान-पाठ दुखत असेल, तर हातपाय धरून उचलू नका, पाणी पाजायला बसवू नका. मान आणि पाठ एका रेषेत राहू द्या आणि १०८ला फोन करा. त्या घटकेचा धीर जन्माचे पांगळेपण टाळू शकतो.

बाकीच्यांनी फिल्म कपाटात ठेवावी आणि झेपेल तेवढे चालायला लागावे. पाठ वापरायला दिली आहे. भीतीने बांधून ठेवलेली पाठ अधिकच दुबळी होते.