शेतीचं वाहन, सगळ्यांचा रस्ता

मी बारावीत होतो. गळीत हंगाम चालू होता. कुरुंदवाड-शिरोळ रस्त्यावर रात्री आमची उसानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. एक मोटारसायकलवाला येऊन धडकला. हात मोडला, जीव वाचला. दवाखान्याचा खर्च बाबांनी दिला, पण चूक काही कबूल केली नाही. "शेतीचं वाहन आहे, त्याला कसले नियम?"

तेव्हा मला ते पटलं होतं.

पुढं नोकरीत वाहन नोंदणीशी संबंधित एक सॉफ्टवेअर लिहिताना यादीत 'कृषी ट्रॅक्टर' दिसला, तोही बिगर-परिवहन गटात. मग मी मागं मागं वाचत गेलो.

हा प्रश्न मोटारीपेक्षा जुना आहे. इंग्लंडमध्ये रस्त्यानं जाणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी 1865 साली कायदा झाला. मळणीयंत्रं ओढत गावोगाव फिरणारी इंजिनंही त्यात आली. वेग गावाबाहेर ताशी 4 मैल, गावात 2. पुढं 60 यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालायचा. म्हणजे समोरच्याला सावध करणं ही इंजिनवाल्याची जबाबदारी.

आपला सध्याचा मोटार वाहन कायदा 1988 चा, 1 जुलै 1989 पासून लागू. त्यात ट्रॅक्टर म्हणजे स्वतःवर ओझं वाहण्यासाठी न बनवलेलं वाहन. ओझं ट्रॉलीवर, म्हणून ट्रॉलीची नोंदणी वेगळी. जेसीबीसारख्या यंत्रांबद्दल नियम सांगतात की रस्त्यावर येणं हे त्यांचं प्रासंगिक काम, वेग 50 किलोमीटरच्या आत. 2001 साली नागशेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की ट्रॉली जोडली म्हणून चालकाचा ट्रॅक्टरचा परवाना बाद होत नाही.

म्हणजे कायदा शेतकऱ्याला सवलत देतो. पण अंधाराची सवलत देत नाही. 1989 च्या नियमांत ट्रॉलीलाही मागं दोन लाल रिफ्लेक्टर लागतात. आणि आमच्या शिरोळ तालुक्यात हंगामात ट्रॉलीचं रस्त्यावर येणं प्रासंगिक कुठं असतं? फडातून कारखान्यापर्यंत रस्ता हेच तिचं काम.

गेल्या हंगामाआधी मी गावी जाऊन ट्रॉलीला लाल पट्ट्या आणि रिफ्लेक्टर लावले. बाबा बॅटरी धरून उभे होते.

"किती गेले?"

"हाडाच्या डॉक्टरच्या बिलापेक्षा कमी."

बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी बॅटरीचा झोत दुसऱ्या ट्रॉलीवर टाकला.