लॉग-धारिका व नोंदींची पातळी

एखाद्या यंत्रणेतील घटना घडतील त्या क्रमाने, वेळेसह आणि मागील मजकूर न पुसता लिहून ठेवणाऱ्या नोंदींच्या संचास लॉग म्हणतात. संगणकात हा संच धारिकेच्या रूपात साठविला जातो, म्हणून त्यास लॉग-धारिका ही संज्ञा आहे. घटनांचा किती बारीक तपशील लिहावयाचा हे ठरविणाऱ्या मर्यादेस नोंदींची पातळी म्हणतात.

लॉग या शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका असा आहे. शिडाच्या जहाजावरून गाठी मारलेल्या दोरीस बांधलेला लाकडी तुकडा पाण्यात सोडीत आणि ठराविक अवधीत किती गाठी सुटल्या यावरून जहाजाचा वेग काढीत. हे आकडे ज्या वहीत उतरवीत, त्या वहीसही पुढे हेच नाव मिळाले.

जहाजावरील वही एकाच ठिकाणी असे. रेल्वेमार्गावर मात्र ती स्थानकांगणिक विभागली गेली. रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील कोलाड हे रोह्याहून दक्षिणेस जाताना कोकण रेल्वेवर लागणारे पहिले स्थानक होय. रोहा–वीर हा टप्पा १९९३ मध्ये व संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मालमोटारी रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड व गोव्यातील वेर्णा यांदरम्यान सुरू झाली. रोहा–वीर टप्प्याचे दुहेरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले.

भारतीय रेल्वेच्या ॲब्सोल्यूट ब्लॉक पद्धतीत गाडी सोडण्यापूर्वी स्टेशनमास्तर पुढील स्थानकाकडून लाइन क्लिअर मिळवितो. परवानगी मागितल्याची व मिळाल्याची, तसेच गाडी निघाल्याची व पोहोचल्याची वेळ दोन्ही स्थानकांच्या गाडी-नोंदवह्यांत लिहिली जाते. एका वहीत घटनेची एकच बाजू असते. संपूर्ण चित्र दोन्ही वह्या पडताळल्यावर उभे राहते. दोन घड्याळांत अंतर असल्यास कोणती घटना आधी घडली हे ठरविणे अवघड होते. पुढे स्थानकांवर आलेले डेटा लॉगर हे उपकरण सिग्नल, काटे व रिले यांच्या स्थितीतील प्रत्येक बदल वेळेसह आपोआप नोंदविते.

तपशील केव्हा वाढवावा, याचेही उदाहरण याच मार्गावर आढळते. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ रोजी महाड तालुक्यातील करंजाडीजवळ कड्यावरून आलेल्या दगडांमुळे गाड्या घसरल्या. यांपैकी पहिल्या अपघातात पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर कड्यांचे उतार सौम्य करणे, जाळ्या बसविणे ही कामे करण्यात आली. पावसाळ्यात गाड्यांसाठी कमी वेगाचे वेगळे वेळापत्रक असते. गस्त वाढविली जाते व धोक्याच्या ठिकाणी चोवीस तास पहारेकरी नेमले जातात. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी इ. स्थानकांवर स्वयंनोंदी पर्जन्यमापक आहेत. निरीक्षणाची ही सूक्ष्मता वर्षभर राखणे खर्चिक व अनावश्यक ठरते. मात्र पावसाळ्यात ती कमी ठेवल्यास तिची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

संगणकशास्त्रात हेच दोन प्रश्न वेगळ्या रूपात उपस्थित झाले. अनेक यंत्रांना समाईक घड्याळ नसताना घटनांचा पूर्वापर क्रम कसा लावावा, याचे मूलभूत विवेचन लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ मध्ये केले. एरिक ऑलमन यांनी १९८० नंतरच्या दशकात तयार केलेल्या सिसलॉग पद्धतीत नोंदींचे गांभीर्यानुसार ० ते ७ असे आठ स्तर आहेत : ० म्हणजे यंत्रणा निरुपयोगी होणे, तर ७ म्हणजे केवळ दोषशोधनास उपयुक्त असा बारीक तपशील.

वितरित धारिका प्रणालीत एकाच धारिकेचे भाग व त्यांच्या प्रती अनेक सर्व्हरांवर विखुरलेल्या असतात. गूगलने २००३ मध्ये वर्णिलेल्या प्रणालीत ६४ मेगाबाइटचे भाग व सामान्यतः प्रत्येकी तीन प्रती होत्या. तीत दोन प्रकारचे लॉग होते. क्रिया-लॉगमध्ये प्रणालीच्या रचनेतील महत्त्वाचे बदल असत. तो दूरच्या यंत्रांवरही लिहिला गेल्याखेरीज बदल ग्राहकास दिसत नसे, कारण तो गमावल्यास धारिकाच हरवण्याचा धोका होता. निदान-लॉग पुसला तरी प्रणालीच्या अचूकपणास बाध येत नसे. तथापि दोषाचे मूळ शोधण्यास बहुधा तोच पुरावा असे.

नोंदींची पातळी बदलता येते ती या दुसऱ्या प्रकारच्या लॉगची. तपशील फार वाढविल्यास तबकडी भरते, यंत्राचा वेग मंदावतो आणि महत्त्वाची ओळ किरकोळ ओळींत बुडते. तपशील फार कमी ठेवल्यास बिघाड दिसतो. त्याचे कारण मात्र सापडत नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यास दोषाची मूळ स्थितीच नाहीशी होण्याचा संभव असतो. म्हणून हडूपसारख्या प्रणालीत काम चालू असतानाच एखाद्या घटकाची पातळी वाढविण्याची सोय आहे. असा बदल तात्पुरता असून सर्व्हर पुन्हा सुरू होताच मूळची पातळी लागू होते. संशयित घटकापुरतीच पातळी वाढवावी, दोष सापडताच ती पूर्ववत करावी व जुन्या धारिका ठराविक मुदतीनंतर हलवाव्यात, असा प्रघात आहे.

लॉगमध्ये खासगी माहिती उतरण्याचा धोकाही असतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजे या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीतच गंभीर सुरक्षादोष उघडकीस आला. भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवादाते, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या संगणकीय यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे बंधनकारक झाले. यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या अथवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवण्याची अटही त्याच निर्देशांत आहे.