काटक म्हणून सोडून दिलेली मुलं

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या मुलांविषयी एक कौतुक वर्षानुवर्षं चालत आलं आहे. ही मुलं जन्मतःच काटक, धावणं आणि चढणं त्यांना शिकवावं लागत नाही, असं मंत्र्यांपासून मास्तरांपर्यंत सगळे सांगतात. त्यात प्रेम आहे, हे मान्य. पण या भागाचा आणि त्याच्या आसपासचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळीच गोष्ट दिसते. जंगलातलं मूल जिथे जिथे पुढे गेलं, तिथे त्याच्यामागे एखादा प्रशिक्षक, पोटभर अन्न आणि आखून दिलेला सराव होता. जिथे हे मिळालं नाही, तिथे तोच काटकपणा तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, आणि बांबूच्या तोडीत खर्ची पडला. उपजत गुणांचं हे कौतुक प्रशिक्षक न पाठवण्याची सबब म्हणून वापरलं गेलं, असं माझं मत आहे.

सगळ्यांना आठवतो तो पुरावा मे 2018 चा. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेत जिल्ह्यातल्या जिवती, देवाडा आणि बोर्डा इथल्या आश्रमशाळांची दहा मुलं एव्हरेस्टवर गेली, आणि मनीषा धुर्वेसह पाच जण माथ्यावर पोचले. बातम्यांनी ‘जंगलच्या लेकरांनी शिखर जिंकलं’ असं म्हटलं. त्याआधी काय घडलं होतं ते मागे राहिलं. आश्रमशाळांमधून निवड झाली, निवडलेल्यांतून पुन्हा गाळणी झाली, हैदराबादजवळच्या भोंगीरच्या कातळावर दोर-गाठींचं शिक्षण झालं, मग दार्जिलिंग आणि लडाखच्या थंडीत सराव झाला. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे, तर एव्हरेस्टचा पायथ्याचा तळच पाच हजार मीटरच्या वर. माणिकगडच्या डोंगरात शेळ्यांमागे हिंडलेल्या पायांना विरळ हवेची ओळख असण्याचं काहीच कारण नाही. उंचीवर टप्प्याटप्प्याने मुक्काम करत, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढू देत, शरीराला ती ओळख करून द्यावी लागते. ती करून दिली, म्हणून मुलं चढली. भोंगीरची वाटही नवी नव्हती. तेलंगणातल्या निवासी शाळेची मालावत पूर्णा तिथेच शेखर बाबू यांच्या हाताखाली तयार होऊन 2014 मध्ये एव्हरेस्टवर पोचली होती.

यावर आक्षेप येतो की एव्हरेस्ट म्हणजे शेर्पा, बांधलेले दोर आणि प्राणवायूची नळकांडी. त्यावरून खेळाविषयी काय सिद्ध होणार? आक्षेपात तथ्य आहे. एका मोहिमेने जिल्ह्यात क्रीडासंस्कृती उभी राहत नाही. पण मला त्यातून एवढंच दाखवायचं आहे की आश्रमशाळेतलं मूल नेटक्या सरावाने थोड्या काळात किती बदलतं. दाखला एव्हरेस्टचाच हवा असंही नाही. 1990 मध्ये गडचिरोली पोलिसांनी स्थानिक तरुणांमधून ‘सी-60’ हे नक्षलविरोधी पथक उभारलं. त्या तरुणांना रान माहीत होतं, पण तेवढ्यावर कुणी त्यांना जंगलात सोडलं नाही. कडक प्रशिक्षण दिलं. सुरक्षेचा प्रश्न आला तेव्हा राज्याला रानातल्या पायांना शिक्षणाची जोड लागते हे लगेच कळलं.

मेहनत आणि सराव यांत फरक आहे, आणि तो नीट पाहायला हवा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचणं, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडे बांधणं, पावसात धानाची रोवणी. या कामांनी शरीर चिवट होतं, पण वाढत नाही. सरावात भार हळूहळू चढवतात, मग विश्रांती देतात, आणि त्या विश्रांतीत खाल्लेल्या अन्नातून स्नायू पूर्वीपेक्षा बळकट होतो. हंगामी मजुरीत भार एकदम येतो, विश्रांती मिळत नाही, आणि ताटात बहुधा भात आणि पातळ वरण असतं. त्यात आश्रमशाळेची उन्हाळी सुट्टी नेमकी तेंदूपत्त्याच्या हंगामात येते, आणि वर्षभर मैदानावर कमावलेलं त्या काळात ओसरतं.

घडवलेलं शरीर म्हणजे काय, हे विदर्भाला परकं नव्हतं. अनंत आणि अंबादास वैद्य या बंधूंनी 1914 मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, आणि पुढे 1967 मध्ये मंडळाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झालं. आखाड्यात ‘उपजत पैलवान’ म्हणून कुणाला सोडून देत नसत. वस्ताद, खुराक, जोर-बैठकांचा हिशेब, सगळं ठरलेलं असे. ही परंपरा गावठाणांत आणि बाजारपेठांत रुजली. वैनगंगेपलीकडे, एटापल्ली-भामरागडच्या माडिया पाड्यांवर गोटुलात, म्हणजे तरुणांच्या सामुदायिक घरात, रात्र-रात्र नाच चालत, अंगात ताल आणि दम येई; पण त्या दमाला मैदानाकडे वळवणारा वस्ताद तिथवर गेला नाही. नंतर आश्रमशाळा आली ती अक्षरं, जेवण आणि निवारा घेऊन. खेळ तिच्या गाभ्यात नव्हता.

मग केनियाचं काय, असं विचारलं जातं. तिथल्या उंच पठारावरचे धावपटू उपजतच ना? उंचीचा फायदा खरा आहे. पण इटेन गावातल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत 1976 पासून कोल्म ओकॉनेल नावाचे आयरिश ब्रदर मुलांना धावायला शिकवत आले, आणि तिथून जगज्जेते निघाले. आपल्याकडे उलटा प्रयोगही झाला. 1980 च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने कर्नाटकातल्या सिद्दी मुलांना, त्यांचे पूर्वज आफ्रिकी म्हणून, हेरून आणलं. मुलांनी पदकं मिळवायला सुरुवात केली होती, तरी योजना काही वर्षांत गुंडाळली गेली आणि मुलं घरी परतली. वंश होता तसाच राहिला. आधार गेला तसे निकालही गेले. त्याच काळात राजस्थानात बांबूच्या धनुष्याने शिकार करणारा लिंबाराम हेरला गेला. त्याला शिबिर, आधुनिक धनुष्य आणि प्रशिक्षक मिळत राहिले, आणि 1992 मध्ये बीजिंगला त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली.

महाराष्ट्रातच तुलना हवी असेल तर नाशिक घ्या. सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य घेऊन आली, ती प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली. त्यांच्याभोवती नाशिकमध्ये धावपटूंची रांगच उभी राहिली. नाशिकची हवा थंड, चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो, हे खरं. त्याचं उत्तर पहाटेच्या सरावात आणि पाण्याच्या नियोजनात आहे. भोंगीरही काही थंड हवेचं ठिकाण नाही.

इथली तयारी मैदानाआधी रक्ततपासणीपासून सुरू व्हायला हवी. या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक बरेच आहेत. वाहक एरवी ठणठणीत असतो, पण पाणी न पिता उन्हात जिवापाड धावला किंवा एकदम उंचीवर गेला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. वाहक असणं म्हणजे खेळायला बंदी नव्हे. प्रशिक्षकाला ते माहीत असलं की भार आणि पाणी त्याप्रमाणे ठरवता येतं. ‘काटक आहे, धावू द्या’ म्हणणारा हा धोका ओळखूच शकत नाही. कुपोषण असताना खेळाची चैन कशाला, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे: अंडी, डाळ, लोहाच्या गोळ्या आणि तपासणी खेळाडूला लागतात, आणि वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही त्याच लागतात.

आज गडचिरोलीच्या रस्त्यांवर पहाटे मुलं धावतात, ती बहुतेक पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी, एकमेकांच्या घड्याळावर वेळ मोजत. बल्लारपूरजवळ विसापूरला मोठं क्रीडा संकुल झालं आहे. पण भामरागड तिथून दीडशे किलोमीटरहून दूर आहे. संकुलाच्या पुढचा खर्च सिमेंटवर न करता, आश्रमशाळेच्या आवारात राहणाऱ्या आणि बदली न होता निदान एक पिढी टिकणाऱ्या प्रशिक्षकांच्या पगारावर करावा.